तांड्यावरच्या आजीची हंडी

अब्बा, घरात आपण आपली बोली बोलायचो, पण दुकान मराठीत चालायचं आणि ही गोष्ट दुकानातली आहे, म्हणून मराठीतच लिहून राहिले. तुमी आता न्हाईत, हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं न्हाई, ठाऊक आहे मला. पण तुमाला एक खोटं सांगितलं होतं, ते इतक्या वर्षांनीही टोचतं.

सेनगावच्या आपल्या पत्र्याच्या दुकानात तबले-ढोलक्या दुरुस्तीला यायच्या, आणि लोकांची एकेक नावं काय विचारता! ढोलकीच्या तोंडावरच्या काळ्या गोल शाईला कोणी टिकली म्हणायचं, कोणी काजळ. पुसेगावचे भजनी बुवा डग्ग्याला 'तबल्याची मंडळी' म्हणायचे आणि स्वतःच लाजायचे. एका ऑर्केस्ट्रावाल्याचा ऑक्टोपॅड बघून शेजारचा किराणावाला म्हणाला होता, "वजनकाटा नवा घेतला का भाऊ?" मी तोंडात ओढणी कोंबून हसायचे. तुमी मात्र गंभीर. गिऱ्हाईक सांगेल तेच नाव चिठ्ठीवर लिहायचं, हा तुमचा कायदा. काजळ म्हणाला तर काजळ. मला ते बिलकुल पटायचं न्हाई. नववीत होते, जगातलं सगळं आपल्यालाच येतं असं वाटायचं.

त्या दिवशी तुमी जुम्म्याच्या नमाजला गेलेले. तांड्यावरची एक आजी कापडात डग्गा बांधून आली. "पोरी, हंडीचा डोळा फुटलाय, बसवून दे. लेकाची हाय. परवा त्याचं वर्षश्राद्ध, भजन ठेवलंय." मी फिस्सकन हसले. "अगं आजी, हंडी चुलीवर ठेवतात! हा डग्गा. अन् डोळा न्हाई, वरच्या कातड्याला पुडी म्हण." बाकावर बसलेले दोघंतिघं खी-खी करायला लागले. आजीनं कापडाची गाठ पुन्हा मारली, डग्गा काखेत घेतला अन् उन्हात चालती झाली.

किराणावाल्यानं तुमाला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता मार बसतो. तुमी एवढंच म्हणालात, "काहून हसलीस? तिचं लेकरू गेलंय. ती काय इथं नावं शिकायला आली होती?" आवाज असा पडला होता तुमचा, की त्यापेक्षा मार परवडला असता. म्हणालात, "सकाळच्या जीपनं जा, माफी माग, डग्गा घेऊन ये. भजनाच्या आत पुडी चढवून देतो."

गेले मी, पण फाट्यापर्यंतच. बाभळीखाली बसून राहिले. तांडा समोर दिसत होता. तिनं चारचौघांत झापलं तर? दुसऱ्या जीपनं परत आले अन् तुमाला सांगितलं, "आजीनं हिंगोलीला दिला दुरुस्तीला. माफ केलं म्हणाली." तुमचा चेहरा असा खुलला! तुमची रोजची हातोडी माझ्या हातात ठेवलीत, म्हणालात, "आता गिऱ्हाइकासमोर बसायला हरकत न्हाई." अन् मी ती घेतली, अब्बा. लाज कशी वाटली न्हाई मला, अल्ला जाणे.

पुढं तुमचं अर्धं अंग गेलं. तुमी दुकानामागच्या खोलीत खाटेवर, दुकान माझ्याकडं. एका दुपारी तीच आजी आली, पार वाकलेली. तोच डग्गा, तीच फुटकी पुडी. मला तिनं ओळखलं न्हाई. कापड सोडलं अन् अडखळली, "ते हे... काय म्हणतात याला, तूच सांग बाई."

"हंडीच की आजी," मी म्हणाले अन् चिठ्ठीवर तेच लिहिलं. "इतके दिवस काहून आणली न्हाई?"

"आणली व्हती एकदा," ती म्हणाली. "न्हाई जमलं. लेकाचं भजन नुसत्या टाळांवर केलं."

आतून तुमी विचारलं, "कोण आलंय गं?"

तिला आत आणलं असतं, तर तुमी पडल्यापडल्या एका हातानं तिची माफी मागितली असती. अन् माझं खोटं उघडं पडलं असतं.

"कोणी न्हाई अब्बा," मी म्हणाले. "रस्ता विचारून राहिलेत."