आमच्या वर्गात भीती नाही

५ ऑगस्ट, सकाळी
आजपासून रोजनिशी. एम.एड. करणाऱ्या शिक्षकाने आपले विचार टिपून ठेवावेत, असं दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच लेक्चरला सांगितलं. विचार भरपूर आहेत, टिपायची सवय तेवढी नाही.
आमचे हेडमास्तर मार्चअखेर रिटायर होतायत. त्यांच्या खुर्चीसाठी एम.एड. लागते. शाळेत सगळ्यात सीनियर मी, पण ती डिग्री आहे फक्त भूगोलाच्या बाईंकडे, ज्या कालपरवा लागल्या. मार्चपर्यंत प्रबंध दिला की प्रश्न मिटला. गणिताच्या मास्तराला प्रबंध म्हणजे डाव्या हातचा मळ. बायकोला म्हटलं, जानेवारीतच देऊन टाकतो. ती म्हणाली, त्याआधी नळाचं वॉशर बदलून द्या.

६ ऑगस्ट
पहाटे चारचा गजर लावला. साडेसातला उठलो. गजर बिघडलेला दिसतो.

२० ऑगस्ट
गाईड मिळाल्या. माझ्या मोठ्या मुलीच्या वयाच्या असतील. मी उभाच होतो, तर म्हणाल्या, बसा ना सर. बसलो. विषय मी स्वतः सुचवला: 'वर्गातील भीती : कारणे व उपाय'. माझ्या वर्गात भीती नाहीच, त्यामुळे निम्मं काम आधीच झालंय.

१२ सप्टेंबर
तीन पुस्तकं आणली. दोन उशीला बरी पडतात. सगळं सोडून द्यावंसं वाटलं. पण सोडणार कसं? सासऱ्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय. मेहुणा फोनवर 'हेडसर' म्हणतो. काल न्हावीसुद्धा म्हणाला, हेडसर, मान खाली.
मान खाली घातली.

७ ऑक्टोबर
नववी ब मध्ये प्रश्नावली भरून घेतली. 'वर्गात तुम्हाला कशाची भीती वाटते?' वगैरे. नावं लिहायची नाहीत असं गाईड मॅडमनी बजावलं होतं. नाहीच लिहू दिली. अक्षरावरून ओळखतोच मी सगळ्यांना.
घरी गठ्ठा टेबलावर ठेवला, चहा घेतला आणि बसल्या बैठकीला तपासून टाकला. 'सर फळ्याकडे बोलावतात तेव्हा पोटात दुखतं.' दहापैकी दोन. पोटदुखी हा आजार आहे, भीती नव्हे. 'सरांचे बूट वाजले की.' शून्य. वाक्य अपुरं. 'सर कधी हसत नाहीत.' याच्यापुढे लिहिलं, विषय सोडून लिहू नये.
एकंदर निकाल वाईट. मुलांना प्रश्नच कळलेला नाही.

९ ऑक्टोबर
कागद वर्गात परत दिले आणि बरोबर उत्तर फळ्यावर लिहून दिलं: 'आम्हाला वर्गात कशाचीही भीती वाटत नाही, कारण आमचे शिक्षक प्रेमळ आहेत.' सगळ्यांनी दोनदा उतरवून घेतलं.

२४ नोव्हेंबर
महिनाभर उपाय केले. उपाय म्हणजे, ओरडायच्या आधी 'बाळांनो' म्हणतो. आज तीच प्रश्नावली पुन्हा दिली. काय सांगू! सगळ्या वर्गाचं एकच उत्तर, स्वल्पविरामासकट. शंभर टक्के सुधारणा. स्टाफरूममध्ये भूगोलाच्या बाईंना तक्ता दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

१५ जानेवारी
गाईड मॅडमनी मूळ कागद बघायला मागितले. वाचता वाचता हसायला लागल्या, मग एकदम थांबल्या. विचारलं, सर, तुम्ही मुलांच्या मतांना मार्क दिलेत? मी म्हणालो, तिघांना ग्रेससुद्धा दिलेत.
माहिती रद्द. सगळं पहिल्यापासून. या खेपेला मी वर्गाच्या आसपासही फिरकायचं नाही, प्रश्नावली दुसऱ्या कुणी घ्यायची. मार्चअखेर हुकला तर नोंदणी नव्याने, म्हणजे आणखी दोन वर्षं. आणि खुर्ची बाईंना.

१६ जानेवारी
जेवलो नाही. बायकोला सांगितलं, ॲसिडिटी. खरं म्हणजे रडू येत होतं. तिला कळलं असावं. म्हणाली, सोडा ती डिग्री, गणित शिकवता तेवढं पुरे आहे. तिला काय जातंय म्हणायला! न्हाव्याला काय तोंड दाखवू? नुसती मान अडकली असती तर सोडवली असती, मी अख्खाच अडकलोय.

२ मार्च
शाळेत कुणालाच वेळ नाही. शेवटी भूगोलाच्या बाईच म्हणाल्या, मी घेते प्रश्नावली, सर, तुमचं काम अडायला नको. यात काहीतरी डाव असणार. तरी मोठ्या मनाने हो म्हणालो.

३० मार्च, तिसरा तास संपल्यावर
वार्षिक परीक्षेच्या गडबडीत आज मुहूर्त लागला. प्रबंध उद्या द्यायचा. बाकी सगळं टाइप करून तयार, फक्त हे आकडे भरायचे. बाई नववी ब मध्ये गेल्या, दार लावलं. मी दूरच थांबणार होतो, पण पाय आपोआप दाराशी गेले.
आतून हसण्याचा आवाज आला. आधी वाटलं, वर्ग चुकला. पाटी बघितली. नववी ब च. कुणीतरी माझी नक्कल करत होतं: 'बाळांनो, डोकं काय टोपी घालायला दिलंय?' हुबेहूब! मलाच हसू फुटलं. इतकी वर्षं मी या मुलांसमोर उभा राहतोय, पण हा आवाज कधी ऐकला नव्हता. फार बरं वाटलं. वाटलं, आपणही आत जावं, मागच्या बाकावर बसावं.
दार उघडलं.
सगळी ताडकन उभी राहिली. पहिल्या बाकावरच्या मुलीने हाताने कागद झाकला. बाकीचे खोडरबर शोधायला लागले. बाईंनी घड्याळ बघितलं. मग हळूच म्हणाल्या, पाचच मिनिटं राहिली होती, सर, तुम्ही आत आलात, आता हे कागद मला देता येणार नाहीत. त्यांच्या आवाजात डाव वगैरे काही नव्हता. वाईट वाटलं होतं त्यांना.
मी मुलांना म्हणालो, बसा, बसा. हसत होतात ना, हसा की. कुणी हसेना. मग जरा आवाज चढवून सांगितलं. तेव्हा हसली, सगळी एकदम. मी हात वर केल्यावर थांबली.