तुझ्या ठाणांवरची तांबडी खूण

कबनूर, ता. ९ जानेवारी २०२५

चि. वीरेश यास अक्काचा आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते. भिवंडीत जेवणाची सोय लागली का? अव्वाचे गुडघे तसेच आहेत. तुझी गाय व्याली, कालवड झाली. मी बरी आहे.

बरी कसली. दिवाळीपासून भिंतीवर, भाकरीवर, बघेन तिथं काळा धागा दिसायला लागला. डोळा फिरवला की तोही फिरायचा. शेवटी कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली आणि उठायला लागले. त्या म्हणाल्या, "बसा की मावशी. शुगर किती वर्सं हाय?" अकरा. "मग पडदा कधी तपासलाय?" दुखत नाही तर तपासायचं कशाला, अशी माझी अक्कल.

थेंब घालून त्यांनी बाहुली मोठी केली आणि आतल्या पडद्याचा फोटो काढला. जागोजागी रक्ताचे ठिपके. साखरेनं बारीक शिरा खराब होतात, नवीन येतात त्या कच्च्या निघतात, त्या फुटून आत रक्त सांडतं. तेच नजरेसमोर दोऱ्यासारखं तरंगतं म्हणे. आधी फक्त उजेडात, पांढऱ्यावर दिसतं.

पांढऱ्यावर, वीरेश. म्हणजे कारखान्यात माझ्या तपासणीच्या टेबलावर, खाली ट्यूब लावलेल्या कापडावर.

श्रावणात तू विणलेल्या कापडाच्या नऊ ठाणांवर मी काळा धागा आलाय म्हणून खोटाची तांबडी खूण केली. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "अक्का, पुन्ना बघ की. धागा न्हाय तिथं." मी म्हणाले, "मला दिसतंय न्हवं." भाऊ म्हणून सोडलं असं कोणी म्हणू नये, ही माझी घमेंड. बावीस वर्षांत माझी खूण कोणी परत तपासली नव्हती. मालकांनीही तपासली नाही, तुझे माग दुसऱ्याला दिले आणि तू भिवंडी गाठलीस.

लेसर एकदा झालं, दोनदा राहिलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. मालकांना सांगावं तर त्याच दिवशी घरी बसवतील, मग अव्वाचं काय? न सांगावं तर रोज त्याच टेबलावर बसायचं. धागा दिसला की मान हलवून बघते, कापडात आहे की माझ्यात. खूण करायला भीती, सोडायलाही भीती. तीनदा मालकांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. माझी मलाच लाज वाटते.

फोटो आणि डॉक्टरांचा कागद सोबत घातलाय. मालकांसमोर ठेवायचा की फाडायचा, ते तू ठरव. ठेवलास तर मी सगळ्यांसमोर हो म्हणेन, एवढा धीर आहे.

कापड तुझं चोख होतं.

तुझी अक्का,
रत्नव्वा