गोरव्याची लेथ

गोरवा, बडोदे
९ जानेवारी २०२४

प्रिय देवेंद्रभावजी यांस,
स. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. यांची तब्येत उतरतच चालली आहे. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

मामंजींचा कारखाना फेब्रुवारीअखेर खाली करायचा आहे. सगळं निघालं, एक लेथ राहिली. भंगारवाला ‘काले आवीश’, उद्या येतो, म्हणून गेला, तर दुसऱ्या दिवशी यांनी त्याला दारातूनच परत पाठवला. म्हणाले, तिच्यात देवूची दोन बोटं गेली, तिचं काय करायचं ते देवूच ठरवेल. तुमचा हात आत असताना बटण यांनी दाबलं होतं, हे चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा सांगितलं. मी आपली समजत होते, तुमचा अबोला वाटणीवरून आहे.

तोडा म्हणालात तर तोडू. पण उत्तर लिहा. वहिनीवरची माया उणी होऊ देऊ नका.

तुमची,
निरुपमा

पादरा
१३ जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

लेथ तोडू नका. आमची मिताली शेतकऱ्यांचे पंप दुरुस्त करते, शाफ्ट बनवून घ्यायला दर खेपेला तिला गोरव्याला यावं लागतं. तिच्या शेडमध्ये जागा आहे. टेम्पो पाठवतो.

दादाला एवढं वाचून दाखवा: बटण दाब, असं मीच ओरडलो होतो. हात काढायला मला उशीर झाला. त्याची चूक नव्हती.

उत्तरायण आटोपलं की रविवारी, एकवीसला, येतो. तिळगूळ ठेवा. तुमचे लाडू दगडासारखे होतात, ते विसरलो नाही. आशीर्वाद आहेतच, ते तसेच राहोत.

तुमचा धाकटा दीर,
देवेंद्र

बडोदे
४ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

तेरावं झालं, माणसं पांगली. स्मशानात तुम्ही लांब उभे होतात, बोलणं झालंच नाही.

तुमचं पत्र यांनी तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, खरंच की, देवू ओरडला होता, मलाच आठवत नव्हतं. त्या दुपारी मागून वरणभात खाल्ला. रविवारी तुम्ही येणार म्हणून दाढी करून घेतली. शुक्रवारी गेले.

लेथ काल टेम्पोत चढवली, पोचली असेल. भावजी, तुम्ही खरंच ओरडला होतात का? आता कुणाला वाईट वाटायचं राहिलेलं नाही. खरं ते कळवा.

निरुपमा

पादरा
८ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

लेथ बसवली. मितालीने काल तिच्यावर पहिला शाफ्ट केला. मी दाराशी उभा राहून पाहिलं, आत जाववलं नाही.

मी ओरडलो नव्हतो, वहिनी. माझं लक्ष नव्हतं, दादाचंही नव्हतं, एवढंच झालं होतं. हे मला पहिल्या महिन्यातच उमगलं होतं. तरी आधी त्यानं यावं म्हणून चाळीस वर्षं बसून राहिलो. पादऱ्याहून बडोद्याला दर अर्ध्या तासाला बस सुटते.

मला माफ करा असं म्हणवत नाही. पत्र मात्र लिहीत जा.

देवेंद्र