ईराची डावखुरी रायफल

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

गेली! अगदी शेवटच्या मिनिटाला कुणीतरी माझ्या बोलीवर बोली चढवली आणि रायफल गेली. चहा गाळायला म्हणून उठले, तेवढ्यात! अमेय म्हणाला, "बरं झालं. घरात बंदूक कशाला?" बंदूक काय बंदूक! छऱ्याची, हवेवर चालणारी, स्पर्धेची रायफल आहे ती. पोरगी इतकी वर्षं नेमबाजी करतेय आणि बापाला अजून फरक कळत नाही.

ईरा डावखुरी. क्लबात डाव्या हाताची रायफल एकच, तीही रेहानबरोबर वाटून घ्यायची. रेहान उंच ताडमाड. तो दस्ता त्याच्या मापाला लावून जातो, मग ही बया अर्धा सराव स्क्रू पिळण्यात घालवते. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. नवी रायफल आपल्या आवाक्यातली नाही. म्हणून हा जुन्याच्या ऑनलाइन लिलावाचा खटाटोप.

१३ सप्टेंबर

ईराच्या कोचना, नसरुद्दीन सरांना, कालच्या रायफलचे फोटो दाखवले. चष्मा कपाळावर चढवून बघितले आणि म्हणाले, "मॅडम, बच गए आप!" हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. ती उलटून गेली की स्पर्धेत चालत नाही, आणि भरताना जिवाला धोका. मी काय बघत होते? तर लाकूड किती छान चमकतंय! साडी बघितल्यासारखी रायफल बघत होते.

मग सरांनी शिकवणीच घेतली. रायफलवर कोरलेल्या नंबराचा जवळून फोटो मागायचा. विकणाऱ्याचे आधीचे व्यवहार वाचायचे. साईटच्या बाहेर पैसे मागितले की तिथंच रामराम. आणि सगळ्यात महत्त्वाचं — "पहले परमिट, फिर माल. परमिट के बग़ैर एक स्क्रू भी बॉर्डर पार नहीं होना चाहिए." परवानावाल्या दुकानातून परवानावाल्या दुकानात, तसाच माल आला पाहिजे. हो म्हटलं. कळलं म्हटलं.

१७ सप्टेंबर

सापडली! डाव्या हाताचीच. विकणारे सरहद्दीपलीकडच्या दम्मामचे फजल म्हणून गृहस्थ, त्यांची मुलगीही डावखुरी होती, आता कॉलेजला गेली. सिलिंडरची तारीख मागितली, लगेच फोटो आला — अजून बरीच वर्षं आहेत. नंबर जुळला. मग व्हिडिओ कॉल लावायला लावला आणि म्हटलं, झाडून दाखवा. बिचाऱ्यांनी गॅरेजमध्ये कागद लावून दाखवली झाडून! छरे सगळे एकाच भोकात.

त्यांची बायको मागून हसत होती. म्हणाली, "इतनी पूछताछ तो हमारी बेटी के रिश्ते में नहीं हुई."

२० सप्टेंबर

जिंकले!! ह्या वेळी चहा नाही, काही नाही, जागची हलले नाही. ईरानं येऊन मिठी मारली. "आई, यू आर द बेस्ट!" मराठीत बोल म्हटलं तर म्हणते, "आई, भारी!" चालेल.

पैसे साईटकडेच राहतात, माल मिळाला असं आपण कळवलं की मगच विकणाऱ्याला मिळतात. एकदम चोख. सरांनी क्लबतर्फे परमिटचा अर्ज टाकला.

२४ सप्टेंबर

परमिट नाही. सर म्हणतात, "इन्शाल्ला, आ जाएगा." कधी? तर इन्शाल्ला! तिकडे फजलभाईंचा फोन — ते महिनाअखेरीला कायमचे कॅनडाला चाललेत, घर रिकामं होतंय, तोवर नेली नाही तर सौदा रद्द करावा लागेल. म्हटलं, दम्मामच्याच एखाद्या परवानावाल्या दुकानात ठेवून जा. तर म्हणाले, "बहनजी, सामान बांधू की दुकान शोधू?" त्यांचंही खरंच आहे म्हणा.

ईराला काही बोलले नाही. ती भिंतीवर ठिपका चिकटवून हवेतच नेम धरून उभी असते.

आत्ता भांडी लावताना डोक्यात आलं — आमचा संपत ट्रेलर घेऊन दर आठवड्याला दम्मामला जातो की!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

संपत जेवायला आला होता. कागलचा, माझ्या माहेरचा. इथल्या बरवा अल बराहा कामगार वसाहतीत राहतो, ट्रेलर चालवतो. माझा सख्खा भाऊ तिकडे गावी आणि मी इकडे, म्हणून इतकी वर्षं भाऊबीजेला मी ह्यालाच ओवाळते. इथं सगळं असंच चालतं ना — कुणी येणार असेल तर त्याच्या हाती मेतकूट, कुणी जाणार असेल तर त्याच्या हाती खजूर. मीही तसंच म्हटलं, "संपत, दम्मामहून ईराचं थोडं खेळाचं सामान आणायचंय."

"आनतो की. मोठं हाय काय?"

"लांबट पेटी आहे. सीटच्या मागं मावेल."

भाकरी मोडता मोडता त्यानं विचारलं, "कागद-बिगद काय लागत्यात का, ताई? नाक्यावर लई बघत्यात आता."

मी म्हटलं, "कागद सगळे झालेत."

बोलून गेले. होतीलच की दोन दिवसांत, असं तेव्हा वाटलं. अमेय समोर बसून कढी ओरपत होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाटीत बघितलं.

"मग झालं तर," संपत म्हणाला. "तुमी सांगायचं आनि म्या आनायचं, त्यात काय!"

३० सप्टेंबर

फजलभाईंनी पेटी संपतच्या ताब्यात दिली. परमिट अजून नाही. सरांना काही सांगितलं नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाट मांडून ठेवलाय. झेंडू मिळाला, सुकलेला होता पण मिळाला. माहेरी आबा खंडेनवमीला विळा, कोयता, पहार, अगदी पाण्याच्या इंजिनाचा पानासुद्धा पुजायचे. आमच्याकडे दरवर्षी अमेयचा लॅपटॉप आणि माझा मिक्सर! ह्या वर्षी मुहूर्त आजचा होता, पण रायफल उद्या येणार. उद्याच पुजू, दसऱ्यालाच. खरं सांगायचं तर घाई त्याचीच होती मला. चाचणीची होतीच, पण दसऱ्याला पोरीचं शस्त्र पाटावर हवं, हे मनात धरून बसले होते.

संपतचा मेसेज: "उद्या दुपारपातूर येतो ताई."

२ ऑक्टोबर, दसरा

दुपार झाली. संध्याकाळ झाली. फोन बंद. श्रीखंड कुणीच खाल्लं नाही.

३ ऑक्टोबर

संपतचा खोलीसोबती अबूबकर, त्याचा फोन आला. संपतला सरहद्दीच्या नाक्यावर थांबवून ठेवलंय. गाडीसकट. "दीदी, बोलते हैं गाड़ी में बंदूक मिली. संपत और बंदूक? कुछ तो ग़लती है ना, दीदी?"

मी म्हटलं, हो, काहीतरी चूक झाली असेल.

देवा! असं म्हटलं मी.

४ ऑक्टोबर

सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं, तर ओरडले नाहीत. "नंबर देखा, सिलिंडर देखा, आदमी देखा. इतना सब सँभल के किया आपने. और आख़िर में ड्राइवर के हाथ मँगा लिया? जैसे अचार मँगाते हैं?" मग म्हणाले, "परमिट अभी भी नहीं आया, मॅडम. मैं रोज़ पूछ रहा हूँ."

घरी अमेय. "आपलं नाव येईपर्यंत आपण गप्प बसायचं. माझी नोकरी, आपली रेसिडेन्सी, ईराची दहावी. तो सांगेल ना, त्याला माहीत नव्हतं म्हणून. खरंच नव्हतं ना माहीत?"

नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं. खेळाचं सामान म्हटलं होतं.

आणि तू कढी पीत होतास, असं म्हणणार होते. पण म्हटलं नाही. जीभ माझी होती, त्याची नव्हती.

७ ऑक्टोबर

दुर्गाचा फोन. संपतची बायको. "ताई, ह्यांचा फोन लागंना झालाय. तुमच्याकडं आलंते का?" मी म्हटलं, लांबच्या फेरीला गेला असेल, वाळवंटात रेंज नसते. ती लगेच हसली! "तसंच आसंल. म्या उगंच जिवाला घोर लावून घेतीया." मागं त्यांची राणी शाळेतली कविता म्हणत होती.

फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. मेलं हे तोंड! एकदा खोटं बोललं ते बोलतच सुटलंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

निवड चाचणी. ईरा गेली, नाव पुकारलं, उभी राहिली, आणि जॅकेट काढून परत आली. सरांनी तिला सगळं सांगितलं होतं. घराच्या दारात म्हणाली, "तू संपतमामाला सांगितलंच नाहीस आत काय आहे ते?" पहिल्यांदाच पोर पूर्ण वाक्य मराठीत बोलली.

"ईरा, तुझ्यासाठीच —"

"डोन्ट. प्लीज, आई. माझं नाव नको घेऊस."

१४ ऑक्टोबर

काही लिहवत नाही. अबूबकर संपतसाठी कपडे देऊन आला. त्याला आत भेटू दिलं नाही.

१८ ऑक्टोबर

अमेयशी कडाक्याचं भांडण. शेवटी म्हटलं, तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी सरांबरोबर नाक्यावर जाऊन सगळं सांगते. त्या माणसाच्या ताटात मी भाकरी वाढली आणि त्याच ताटावर खोटं बोलले. आणखी किती दिवस तो तिथं बसून "खेळाचं सामान, खेळाचं सामान" म्हणत राहणार?

अमेय आत गेला. मग बाहेर येऊन म्हणाला, "गाडी मी चालवतो."

१९ ऑक्टोबर

जाऊन आलो. लिलावाचे कागद, फजलभाईंशी झालेलं सगळं बोलणं, अर्जाची प्रत, सगळं पुढं ठेवलं. अधिकारी सभ्य होता. पाणी दिलं. दुभाष्यामार्फत मी एवढंच सांगत राहिले — मी विकत घेतली, मी आणायला सांगितली, पेटीत काय आहे हे त्या माणसाला माहीत नव्हतं, कागद झालेत असं मी त्याला खोटं सांगितलं.

अधिकारी म्हणाला, तोही पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय. खेळाचं सामान आहे, उघडून बघितलं नाही. तुमचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही. एका ओळखीच्या बाईंचं, एवढंच.

मग त्यानं रायफलच्या फोटोची काळीपांढरी झेरॉक्स पुढं सरकवली. नळीवर आणि दस्त्यावर लाल डाग आहेत, म्हणाला, हा गंज आहे का? आणि मी — अशा वेळी, अशा ठिकाणी — माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? की फजलनं फसवलं! फोटोत तर गंज नव्हता! लाज वाटली स्वतःची. माहीत नाही, म्हटलं.

२१ ऑक्टोबर

संपतला सोडणार. त्याला माहीत नव्हतं हे त्यांनी धरलं. पण कंपनीनं त्याला कामावरून काढलं, व्हिसा रद्द, उद्याच्या विमानानं घरी. खलास. इतक्या वर्षांचं इथलं सगळं एका पेटीपायी गेलं. मला पुन्हा बोलावलंय. काय व्हायचं ते होवो.

फोनवर दोन मिनिटं बोलला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "आसू दे, ताई. ईराचा खेळ कसा झाला?"

झाला नाही म्हणून सांगितलं.

"आरं द्येवा," म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला.

मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, तुला माहीत नव्हतं रे, तुला मी फसवलं. तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ठेवतो, ताई. दुसऱ्याचा फोन हाय."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

निरांजन लावलं. पाट रिकामा. ईरा येऊन शेजारी बसली.

दुपारी दुर्गाचा मेसेज आला. "ह्ये सुखरूप पोचलं. ह्यो फोटू ह्यांनी खंडेनवमीला धाडलावता, तुमाला दावायचा ऱ्हायलावता."

ट्रेलरची केबिन. स्टिअरिंगला झेंडूची माळ. शेजारच्या सीटवर पेटी, सताड उघडी. रायफलच्या नळीला, दस्त्याला हळदकुंकू लावलेलं, उदबत्ती ओवाळलेली. खाली संपतनं बायकोला लिहिलंय:

"आपल्या ईराची बंदूक. नाक्यावर लई कडक हाय, पर ताईनं कागद सगळं केल्यात. पुढं राणीला बी शिकवू."