तुमच्या वतीने तुमचे भाऊ बोलतील

एटापल्ली,
९ डिसेंबर २०२४

राजदीपदादा,
सप्रेम जयभीम.

आईचे गुडघे कसे आहेत? थंडीत जास्त दुखत असतील. इकडे धान निघालं, लग्नाचे ब्लाउज शिवायला यायला लागलेत. मशीन बरी चालते. मीही बरी आहे.

तुझे फोन येतात. मी उचलत नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

जिल्ह्याचा मानसिक आरोग्याचा आराखडा करताना रुग्णांचं ऐकायचं, म्हणून गडचिरोलीच्या बैठकीत मला आणि लालसूला बोलावलं होतं. तुला कुटुंबीय म्हणून. लालसू माझ्यासारखाच इथल्या दवाखान्यातून गोळ्या नेतो. पार जंगलातल्या गावाहून तो आला होता. आम्हाला एकेक गुलाब दिला, फोटो काढले.

लालसू माडियात बोलला. गोळ्यांनी हात थरथरतात, कुऱ्हाड धरता येत नाही, गोळी बदला म्हटलं तर कोणी ऐकत नाही, असं तो सांगत होता. इथे राहून मला तेवढी भाषा कळते. तिथे कोणालाच कळली नाही. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मी अर्थ सांगायला उठले, तर सूत्रसंचालक म्हणाला, "ताई, वेळ कमी आहे. तुमच्या वतीने तुमचे भाऊ बोलतील."

आणि तू उठलास. तू बोलणार, हे तुला आधीच माहीत होतं.

"आमची नूतन आज बरी आहे, कारण घरच्यांनी वेळेवर निर्णय घेतला. दवाखान्यात भरती करण्याच्या बाबतीत घरच्यांचंच म्हणणं अंतिम धरा. पेशंटला तेव्हा काही समजत नसतं."

मी जागेवरूनच म्हटलं, "मले समजत होतं, दादा."

तू हसलास. "माफ करा, तिच्या गोळीची वेळ झाली."

सगळ्या सभागृहाने माझ्याकडे कीव करत पाहिलं. एक बाई धावत पाण्याचा ग्लास घेऊन आली. तो ग्लास तुला फेकून मारावासा वाटला. पण मारला असता तर तुझंच खरं ठरलं असतं. म्हणून मी मुकाट्याने पाणी प्याले. आम्हाला साधं रागावताही येत नाही, हे कोणत्या आराखड्यात लिहिणार आहेत?

मला काय समजत होतं, ते आता लिहितेच. मला आवाज ऐकू येत होते, झोप उडाली होती, उपचार हवे होते. खरं सांगितलं असतंस तर मी आपल्या पायांनी आले असते. तू म्हणालास, चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जाऊ, तुला बरं वाटेल. मी पांढरी साडी नेसून गाडीत बसले. गाडी त्या खासगी दवाखान्याच्या फाटकात शिरली. मला धरून आत नेलं, तेव्हा तू दुसरीकडे पाहत होतास.

तेही मी गिळलं असतं. पण मी बरी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आणि तू म्हणालास, "दिव्यानीचं लग्न होऊन जाऊ द्या." मी दाराआड उभी होते, दादा. माझ्या भाचीच्या लग्नात मी दिसायला नको होते. तेव्हाही मले समजत नव्हतं का?

गुरुवारी आम्ही दवाखान्यात गोळ्या घेणारे सगळे मिळून गडचिरोलीला, आराखडा करणाऱ्या कार्यालयात गेलो. साहेबबाई म्हणाल्या, "मसुदा तयार झाला आता."

आमच्यातली रुखमाबाई कधी मोठ्याने बोलत नाही. ती म्हणाली, "मंग आमचे फोटो काढा त्यातून. आमी हो म्हटलंच नाई."

बाईंनी मसुदा मिटला. मग म्हणाल्या की पुन्हा बैठक घेऊ, एटापल्लीतच, माडिया समजणारा माणूस ठेवून, आधी रुग्ण बोलतील. घरच्यांचं म्हणणं अंतिम, हे तुझं वाक्य मसुद्यात घेतलं होतं, ते सध्या थांबवलंय. काढलेलं नाही. ते काढेपर्यंत आम्ही जात राहणार.

या बैठकीला तू यावंस असं मला वाटतं. मला काय झालं होतं ते मी सांगेन. मला तिथे कसं नेलं आणि का ठेवलं, ते मात्र तुझ्या तोंडून येऊ दे. माझ्या वतीने नको. तुझ्या स्वतःच्या वतीने.

संतापलेली, आणि तरीही तुझी बहीण,
नूतन