मागच्या दाराची कडी

हार्वेल्डे, २ ऑक्टोबर १९६१

चि. रूलोफ यास डीनाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

एकदाचं घर लागलं रे बाबा. रॉटरडॅमला खिडकीखाली ट्राम आणि धुलाईखान्यात यंत्रं, यात जन्म गेलेल्या बाईला इथली शांतता पहिल्या रात्री इतकी बोचली की झोपच येईना. आता मात्र गोड लागते. भाडं विधवेच्या पेन्शनीत बसतं, वर लोण्या-चीजपुरतं उरतं. स्टेशन गल्लीच्या टोकाला. गाडीत बसून मोज्याची टाच विणून होते न होते तोच झुट्फेन येतं. तिथं डोळ्यांचा डॉक्टर आहे, गुरुवारचा बाजार आहे, लायब्ररी आहे. आणखी काय हवं?

भिंतीला भिंत लावून बेरेंट आणि हेर्मिना हे म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्या पलीकडे ओढा, म्हणून त्यांचा पहिला शेजार मीच. बेरेंट टोपी हातात धरून, बगलेत बाटली घेऊन आला. म्हणाला, आमच्या गल्लीत घरात बरंवाईट झालं की आधी पहिल्या शेजाऱ्यानं यायचं, मग तो बाकीच्यांना बोलावणार. तर तू येशील ना? मी हसत म्हटलं, येईन की, न येऊन सांगते कुणाला! आपण नाही का जिन्यात भेटलेल्याला म्हणत, या एकदा कॉफीला, तसंच. त्यानं मात्र माझा हात इतका वेळ धरून ठेवला की वाटलं, सोडायचा विसरला.

एकच कटकट. इथं सगळे मागच्या दारानं, न ठोकता आत येतात. पुढचं दार म्हणे नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. काल मी परकरावर बटाटे सोलत बसले होते, तर समोरचा ग्राडुस लोहार वाटाण्याच्या सुपाचं पातेलं घेऊन थेट चुलीपाशी!

गल्लीत अजून एक घर रिकामं आहे. माझ्या भावजयीला, मार्गाला, सांग. तिच्या गुडघ्यांना तुमचे जिने सोसवत नाहीत.

तुझी,
डीनाताई


रॉटरडॅम, १५ ऑक्टोबर १९६१

ती. डीनाताईस रूलोफचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मोठ्यानं वाचलं. परकराशी आल्यावर मार्गानं हसून हसून डोळे पुसले. ताई, तू शांततेला गेलीस की जत्रेला? लहानपणी मला न्हाणीघरातून बाहेर काढायला दार बडवायचीस, आता तुझ्याच घरात लोहार शिरतोय!

माझं ऐक. एवढं करून शांतता मिळवलीस, तिला कडी लाव. मागच्या दाराला चांगली लोखंडी. गावच्या लोकांना बोट दिलं की ते मनगट धरतात. पहिला शेजार, दुसरा शेजार, हे त्यांचं त्यांना लखलाभ. तोंडावर गोड बोलावं आणि गुरुवारी आपली गाडी पकडावी.

वसंतात मी निवृत्त होतोय. त्या रिकाम्या घरावर लक्ष ठेव. तुझं तिथं नीट जमलं की आम्ही निघालोच.

तुझा धाकटा,
रूलोफ


हार्वेल्डे, २१ जानेवारी १९६२

चि. रूलोफ यास आशीर्वाद, वि. वि.

नाताळात तुला नुसतं कार्ड टाकलं, त्याचा राग धरू नकोस. आज लिहिते आहे तेही मान खाली घालून.

तू सांगितलंस तशी मी कडी करून घेतली. ग्राडुसनंच घडवली आणि बसवली. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर हेर्मिना एकदा नाशपाती घेऊन आली, दार ढकलून बघितलं, आणि टोपली पायरीवर ठेवून गेली. पुन्हा कुणी आलं नाही. मला हवी होती ती शांतता मिळाली. खरं सांगते, मी खूशही होते.

बेरेंट छातीच्या दुखण्यानं अंथरुणात आहे हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांची सायकल दिसायची. जाऊन येऊ, जाऊन येऊ, म्हणत राहिले.

गेल्या गुरुवारी सकाळी मी बाजाराला निघाले होते. कोट चढवला आणि मागचं दार हललं. एकदा, मग पुन्हा. मला ऐकू आलं, रूलोफ. बहिरी असते तर बरं झालं असतं. वाटलं, हेर्मिना असेल, बसली की दळण दळेल, गाडी चुकेल. म्हणून मी बोळात श्वास रोखून उभी राहिले, चोरासारखी, स्वतःच्याच घरात. पावलं परत गेली तशी पुढच्या दारानं सटकले. बाजारात लोकर घेतली, गरम तळलेला हेरिंग मासा खाल्ला, चवीनं.

दुपारी परतले तर शेजारी पडदे अजून ओढलेले. मागून आत गेले. हेर्मिना खाटेपाशी खुर्चीत ताठ बसली होती. बेरेंट पहाटेच गेला होता. चूल पेटलेली नव्हती. इथं घरच्या माणसानं मेलेल्याला सोडून बाहेर सांगत फिरायचं नसतं, ते काम पहिल्या शेजाऱ्याचं. ती तेवढी माझ्या दारापर्यंत येऊन गेली आणि मग वाट बघत बसली.

मी विचारलं, अगं, समोर ग्राडुस होता, त्याला का नाही हाक मारलीस? तर म्हणते, त्याला बोलावलं असतं तर तू आली नाहीस हे गल्लीभर झालं असतं. तुला इथं राहायचंय. आता जा, आधी ग्राडुसला सांग, मग पुढे.

मी गेले. दारोदार जाऊन सांगितलं. घड्याळ थांबवलं, आरसा झाकला, शिजवलं, भांडी घासली. आणि लोक मला काय म्हणाले असतील? शहरातली असून शेजार राखला हो बाईनं! ग्राडुस तर पाठीवर हात ठेवून म्हणाला. चपराक मारली असती तर इतकी लागली नसती.

हे घर सोडावं म्हणते. तुझ्याकडे काही दिवस जागा होईल का?

डीना


रॉटरडॅम, २६ जानेवारी १९६२

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

पत्र या वेळी मोठ्यानं वाचता आलं नाही. मार्गानं हातातून घेऊन वाचलं आणि एवढंच म्हणाली की कडीची अक्कल कुणाची होती? दिवसभर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मलाही तिच्याकडे बघवलं नाही. लोहारानं घडवली असेल, पण ती कडी माझी, ताई.

जागेचं विचारू नकोस, माझी खोली तुझी. पण एक म्हणू? गोष्ट तुला आणि हेर्मिनाला ठाऊक, तिसऱ्याला नाही. तिनं झाकलं, तू उघडू नकोस. लोक चांगलं म्हणतात तर म्हणू देत.

लिहून झाल्यावर वाटतंय, हीसुद्धा कडीच्याच जातीची अक्कल आहे की काय. तुला पटेल ते कर.

रूलोफ


हार्वेल्डे, १८ फेब्रुवारी १९६२

चि. रूलोफ यास आशीर्वाद, वि. वि.

तुझा सल्ला या वेळी मानला नाही.

पेटीला खांदा देणाऱ्यांना हेर्मिनानं रविवारी कॉफीला बोलावलं. वाढायचं काम पहिल्या शेजारणीचं, म्हणजे माझं. मनुकांच्या पावाचे काप फिरवता फिरवता कुणीतरी पुन्हा माझं कौतुक काढलं. ताटली खाली ठेवून सगळं बोलून टाकलं. दार हललं ते मी ऐकलं होतं, हेही. हेर्मिना खुणेनं गप्प करत होती, तरी बोलले.

ग्राडुस कपाकडे बघत म्हणाला की डीना, आम्हाला माहीत होतं. हेर्मिनाचं धुराडं सकाळपासून गार होतं, पडदे ओढलेले. तुला बाजाराची पिशवी घेऊन पुढच्या दारानं जाताना मी भट्टीपाशी उभा राहून पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पण पहिल्या शेजाऱ्याला ओलांडून जायचं नसतं. गेलो असतो तर तुझी लाज गेली असती. म्हणून आपापल्या खिडकीत थांबलो.

मग त्याची बायको, जी कधी चार शब्दांवर बोलत नाही, ती म्हणाली, रिवाज राखला आपण, आणि म्हातारीला गारठत बसवलं. एकट्या डीनाला काय म्हणायचं?

रूलोफ, इतकी माणसं एकाच टेबलाशी एकाच वेळी लाजलेली मी जन्मात पाहिली नव्हती. माझा वाटा त्यानं काही हलका झाला नाही. पण तो मी एकटी धरून बसले नव्हते.

हेर्मिनानं किटली उचलली, सगळ्यांचे कप भरले आणि मला म्हणाली की बेरेंटनं विचारलं होतं तेच आता मी विचारते, माझ्या वेळी येशील ना? या वेळी मला हसता आलं नाही. नुसता हात पुढे केला. तिनं धरला, आणि बेरेंटसारखाच सोडायची विसरली.

सोमवारी ग्राडुसकडून पेचकस मागून आणला आणि कडी मीच काढली. भोकं तशीच राहू दिलीत. रोज दिसायला हवीत.

तर मी येत नाही. रिकामं घर अजून रिकामं आहे. भाडं परवडेल, शांतता आहे, झुट्फेन जवळ आहे. पण तुमच्या भिंतीपलीकडे ग्राडुसची म्हातारी आई राहते आणि तिचा पहिला शेजार तुम्ही व्हाल. मार्गाशी बोल, मगच कळव.

बघायला याल तेव्हा मागच्या दारानं या, ठोकू नका. पुढचं माझ्यासाठी एकदाच उघडायचंय, तेव्हा हेर्मिना नसली तर ते तू उघड.

लोभ ठेवावा, कडी न लावता.

तुझी,
डीनाताई