सुपातली तूर

अप्पा,

आज सकाळी आईच्या उजव्या हाताची तीन बोटं करंटचं मशीन बंद असताना उघडली. हे माझं म्हणणं नाही. रोज नऊला घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंनी खात्री करून घेतली. आईच्या हातावरच्या चिकट पट्ट्या सोलल्या, वायर पिशवीत टाकली आणि पुन्हा करायला लावलं. बोटं पुन्हा उघडली. "आज्जी, हे करंटचं न्हाई, तुमचं सोताचं हाय," त्या म्हणाल्या. ताई नायगावच्या, तोंडानं फटकळ. आई आता नांदेडला माझ्याकडेच असते. दोन महिन्यांपूर्वी तिलाही लकवा मारला, तुमच्यासारखाच उजव्या अंगाला.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पेपरच्या ऑफिसात छपाईला पान सोडायची वेळ घड्याळ न बघता कळते. इथं मशीनची वीस मिनिटं संपेपर्यंत मी चारदा उठते. करंट आला की आईचं मनगट वर येतं, बोटं पसरतात. थांबला की मिटतात. त्याच वेळी आईनंही जोर लावायचा, हा ताईंचा हेका. "नुसतं मशीनवर सोडलं तर मशीन बरी व्हईल, आज्जी न्हाई." आणि दुसरा हुकूम मला: आईला भरवायचं नाही.

तो हुकूम ऐकल्यापासून तुम्ही आठवताय.

लातूरच्या मोंढ्यात तुम्ही आडतीवर बसायचात. पोतं उघडलं की मूठभर तूर घ्यायची, डोळे मिटायचे आणि ओल किती ते सांगायचं. तोच हात लकव्यानं गेला. मी तेव्हा बावीस वर्षांची. घास मी भरवायचे, पेला मी तोंडाला लावायचे, बंडीची गुंडीसुद्धा मीच. भेटायला येणारे म्हणायचे, "पोरगी हाय, पण लेकावानी करती. अप्पाला बोट हलवू देत न्हाई." ते ऐकायला मला फार गोड वाटायचं.

एक दुपार आहे. आई स्वयंपाकघरात तूर पाखडते आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय. तुमचा उजवा हात फरशीवरून सरकतो. वीतभरच. बोटं सुपाच्या कडेला लागतात, सूप कलतं, चार दाणे सांडतात. मी लगबगीनं सूप बाजूला घेते. "राहू द्या अप्पा, मी हाय ना." तुमची वाचा गेलेली. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघता आणि तोंड भिंतीकडे फिरवता. संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मी आईला म्हटलं, अप्पांना आज भूक नाही.

तुम्ही जाईपर्यंत तो हात पुन्हा सरकलेला मी पाहिला नाही. असं मशीन तेव्हा आपल्याकडे मिळत होतं की नाही, मला ठाऊक नाही. तूर मात्र होती.

आज ताईंनी ताटभर तूर मागितली. मी आणून ठेवली. आईची जीभ अजून जड आहे, तरी म्हणालीच, "तुझ्या बापाला न्हाई दिलीस. मला बरी द्यायलीस." ताईंना ती गंमत वाटली, त्या हसल्या. मीही हसले.

उद्या नऊला त्या येतील. आधी मशीन, मग पट्ट्या काढून तूर. आईनं एकेक दाणा उचलून वाटीत टाकायचा, आणि जमलं तर त्याच हातानं भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत न्यायचा. "मावशी, तुम्ही भायेर बसायचं. दारात बी न्हाई," असं मला बजावलंय. मी हो म्हटलंय.

पण आज दुपारी आईचा घास हनुवटीपाशी अडकला, आणि मी तो तिच्या हातातून घेऊन भरवला. तिनं खाल्ला. माझ्याकडे बघितलं नाही. हे मी ताईंना सांगितलेलं नाही. हा कागद उद्या तुरीच्या ताटाखाली अंथरणार आहे. दाणे सांडतील, आणि उचलायला मी आत असणार नाही.